नकाशावर रेघ पडण्याआधी

(जिल्हा बैठकीत कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा दुसरा वेचा सुरू आहे, ज्वारी खळ्यावर येऊन पडली आहे आणि मजूर शोधून सापडत नाही. अशा दिवसांत एक अख्खा दिवस मोडून तुम्ही या बैठकीला आलात. तेव्हा हारतुरे आणि प्रास्ताविक बाजूला ठेवून आम्ही सरळ मुद्द्यावर येतो.

विषयपत्रिका वाचून काही जणांनी सकाळी चहाच्या टपरीवर आम्हाला हटकले. ‘कापसाच्या भावाचे सोडून हे लोकल गाडीचे काय काढले? मुंबईच्या नोकरदारांनी लोंबकळत कामावर जायचे, त्याचे आपल्याला काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की शहराची गाडी आता शहरापुरती राहिलेली नाही. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडाऱ्याकडे उपनगरी धर्तीवर गाड्या चालवण्याची योजना 2018 मध्ये मांडली गेली. वर्धा आणि नरखेड म्हणजे कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. तिकडे अहिल्यानगर–बीड–परळी, इकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड. नव्या लोहमार्गांचे भराव कोरडवाहू वावरांतूनच पडले आहेत. उद्या आपल्या धुऱ्यावर मोजणीचा माणूस दुर्बीण लावून उभा राहील. त्या दिवशी काय बोलायचे, हे आज ठरवायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. नकाशावर रेघ पडली, की शेतकऱ्याच्या हातात मोबदल्याची घासाघीस तेवढी उरते. त्याचे बोलणे नियोजनात धरले जावे असे वाटत असेल, तर ते रेघ पडण्याआधी झाले पाहिजे. आणि आधी बोलायचे तर आपली मोजणी आपल्याजवळ तयार पाहिजे.

पहिली रेघ कापसासाठी पडली

आपल्या भागात रेल्वे का आली, ते आठवून पाहा. जलंबपासून खामगावपर्यंतचा तेरा-एक किलोमीटरचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. वऱ्हाडातल्या एका बाजाराच्या गावी साहेब काय शेतकऱ्याचे सुखदुःख विचारायला आले होते? खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून विलायतेच्या गिरणीत लवकर पोचावा, हा हिशेब होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे अरुंद रुळांची गाडी आली. तीही एका खासगी इंग्रजी कंपनीने कापसासाठीच घातली. लोकांनी तिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले, तिच्यातून लग्नाची वऱ्हाडे गेली, पोरे कॉलेजला गेली. पण रेघ मारणाऱ्याने फक्त एवढेच विचारले होते, की कापूस कुठे आहे. कापूस पिकवणारा कुठे राहतो आणि त्याला कुठे जायचे असते, हे त्याने विचारले नव्हते.

इंग्रज परका होता, त्याने विचारले नाही हे समजण्यासारखे आहे. आपले राज्य आल्यावर काय झाले? त्यासाठी तुम्हाला आम्ही उरणला घेऊन जातो.

उरणची चाळीस वर्षे

या विषयाची तयारी करायची म्हणून आम्ही चौघे कार्यकर्ते नेरूळहून उरणच्या लोकलमध्ये बसलो. गाडी स्वच्छ, वेळेवर. खिडकीतून खाडी दिसते, खारफुटी दिसते, मग उंच इमारती, मग कंटेनरचे डोंगर. त्या सगळ्याच्या मध्ये दाटीवाटीने उभी असलेली जुनी गावठाणे. डब्यात उरणकडचा एक म्हातारा भेटला. त्याने खिडकीतून बोट दाखवून आम्हाला आपली भाताची खाचरे दाखवली. आम्हाला दिसली ती इमारत. खाचरे तिच्या पायाखाली होती.

हा मुलूख भाताचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा. आगरी आणि कोळी माणसांचा. 1970 मध्ये सरकारने सिडको स्थापन केली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतली 95 गावे नव्या मुंबईसाठी नकाशावर घेतली. मुंबईची गर्दी कमी करायची हा उद्देश. उद्देशाला कोणी नाव ठेवू नये. पण ज्यांच्या जमिनीवर ते शहर उभे राहायचे होते, त्यांना त्या नकाशात कुठे बसवायचे याचा विचार नकाशा काढून झाल्यावर सुरू झाला. जमिनीच्या भावावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे गेली. त्या रक्ताच्या दबावातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. जमीन देणारा हा केवळ ‘बाधित’ नसून होणाऱ्या विकासात त्याचा वाटा आहे, ही गोष्ट सरकारला मान्य करावी लागली. ती मान्य करायला पाच जीव लागले.

आता रेल्वेचा हिशेब ऐका. नव्या मुंबईच्या लोकल मार्गांसाठी खर्चाची वाटणी ठरली ती अशी: 67 टक्के सिडको आणि 33 टक्के रेल्वे. मानखुर्द–वाशी मार्ग 9 मे 1992 रोजी सुरू झाला तो याच वाटणीने. उरणच्या मार्गालाही हीच वाटणी. आता आम्ही तुम्हाला विचारतो, सिडकोजवळ हा 67 टक्के पैसा आला कोठून? सिडको काही कापूस पिकवत नाही. तिची मिळकत भूखंडांची. आणि भूखंड म्हणजे शेतकऱ्यांकडून घेतलेली जमीन. म्हणजे रुपयातले दोन तृतीयांश भांडवल ज्या जमिनीतून उभे राहिले, त्या जमिनीच्या मूळ मालकाला मार्ग ठरवणाऱ्या टेबलाशी खुर्ची नव्हती. गावच्या सोसायटीत शंभर रुपयांचा भागधारकसुद्धा वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारतो. इथे दोन तृतीयांशाचा भागधारक फाटकाबाहेर उभा होता.

आणि गाडी कोणाकडे आधी गेली? 1992 मध्ये वाशीला पोचली. 1998 मध्ये पनवेलला पोचली. उरणच्या माणसाला मात्र एसटी किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. नेरूळ–उरण मार्गाचा पहिला टप्पा खारकोपरपर्यंत 11 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाला. उरणला गाडी पोचली 12 जानेवारी 2024 रोजी. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. 16 जानेवारी 1984 ते 12 जानेवारी 2024. चाळीस वर्षांना चार दिवस कमी. गोळीबाराच्या वर्षी आईच्या कडेवर असलेले पोर चाळिशी ओलांडून त्या गाडीत बसले.

उशीर का झाला याची कारणे सांगितली जातात: भूसंपादनाचे वाद, खारफुटी आणि वनखात्याच्या परवानग्या. कारणे खरी आहेत. पण यातला पहिला वाद जमीनवाल्याशी होता, आणि जमीनवाल्याला बाजूला ठेवून तो मिटणार कसा होता? विचारायला वेळ जातो, गावोगाव बैठका घेतल्या तर काम रखडते, असे अधिकारी नेहमी म्हणतात. उरणने दाखवून दिले, की न विचारल्याने काम त्याहून जास्त रखडते.

आणखी एक लहानशी गोष्ट, पण ती आम्हाला लागली. स्टेशनांना नावे देताना शहर वसवणाऱ्यांनी आपल्या नकाशातली नावे दिली. बोकडवीरा, नवघर, धुतूम अशा गावांना आपल्या गावाचे नाव स्टेशनावर यावे म्हणून निवेदने घेऊन फिरावे लागले. जमीन गेली ती गेली, निदान पाटीवर नाव तरी ठेवा, ही मागणी. रुळ पडल्यावर मागायला उरते ते हे.

रुळांकाठच्या बायांनी केलेली मोजणी

आता दुसरी बाजू सांगतो, म्हणजे हे सगळे रडगाणे होणार नाही. मुंबईत मध्य आणि हार्बर रेल्वेच्या रुळांना चिकटून हजारो झोपड्या होत्या. काही ठिकाणी दार उघडले की रूळ. पोरे रुळांवर खेळायची, माणसे गाडीखाली जायची. गाड्यांना तिथे ताशी 15 किलोमीटरच्या गतीने चालावे लागे, त्यामुळे लाखो प्रवाशांचा रोज खोळंबा. नव्या मार्गिका टाकायच्या तर जागा मोकळी हवी. रेल्वेच्या लेखी हे लोक अतिक्रमणवाले. सातबारा नाही, भाडेपावती नाही, काही नाही. आपल्याजवळ निदान सातबारा आहे. यांच्याजवळ तेवढाही कागद नव्हता.

या लोकांनी काय केले? 1980 च्या दशकाच्या अखेरीस झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांनी, त्यांत महिला मिलनच्या बायांनी आणि स्पार्क या संस्थेने मिळून रुळांकाठच्या झोपड्यांची मोजणी स्वतः केली. दारावर नंबर टाकला, घरात कोण राहते ते लिहिले, वस्तीचा नकाशा काढला. यादी वस्तीतच वाचून दाखवली, म्हणजे खोटे नाव घुसले तर शेजारीच ओरडणार आणि खरे नाव सुटले तरी शेजारीच सांगणार. सरकारी मोजणीपेक्षा ही यादी पक्की ठरली, कारण ती करणाऱ्यांनाच उद्या तिच्या आधारे राहायचे होते.

या मोजणीमुळे पुढचे दार उघडले. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आखला जात होता, जागतिक बँकेचे कर्ज येणार होते. राज्य सरकारने 1995 मध्ये माजी मुख्य सचिव डी. एम. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्वसनाचे धोरण ठरवण्यासाठी कार्यगट नेमला. त्यात या लोकांच्या बरोबर काम करणाऱ्या संस्थेला जागा मिळाली. 1997 मध्ये धोरण आले: झोपडी हटवण्याआधी पर्यायी घर. तरीही फेब्रुवारी 2000 मध्ये रेल्वेने दोन हजारांवर झोपड्या पाडल्या. लोक रस्त्यावर आले, राज्य सरकारला मध्ये पडावे लागले आणि पाडापाडी थांबली. त्यानंतर साधारण वर्ष-सव्वा वर्षात सुमारे 60 हजार माणसे रुळांकाठाहून हलली. लाठी न चालवता, आपल्या यादीप्रमाणे, शेजार न मोडता. पक्की घरे तयार नव्हती तेव्हा अनेकांनी आधी तात्पुरत्या वस्तीत जायचे आपणहून कबूल केले. का? तर त्यांच्या नावाची नोंद पक्की होती आणि ती त्यांनीच केली होती.

आम्ही हे गोड करून सांगत नाही. नवी घरे 225 चौरस फुटांची, अनेकांच्या कामापासून लांब, इमारती एकमेकींना खेटून. हवा नाही, उजेड नाही अशा तक्रारी आजही आहेत. आणि जिथे लोकांना नीट विचारले नाही तिथे काय झाले तेही ऐका. याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात ज्यांची दुकाने जाणार होती, त्यांनी 2004 मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. आमची मोजणी चुकीची, दुकानाच्या बदल्यात देऊ केलेली जागा धंद्याच्या उपयोगाची नाही, आम्हाला कोणी विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे. मंडळाने चौकशी केली, तक्रारीत तथ्य आढळले आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा पैसा काही महिने रोखून धरला. एकाच शहरात, एकाच प्रकल्पात, एका बाजूला मोजणी लोकांची होती आणि दुसऱ्या बाजूला लोकांना न पटणारी. दोन्हींचा निकाल तुमच्यासमोर आहे.

कायदा कधी विचारतो?

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण इथेच आपण फसतो.

नवीन खाण, मोठे धरण, नवा राष्ट्रीय महामार्ग यांना पर्यावरणाच्या परवानगीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, त्यात रेल्वे नाही. म्हणजे मांडव घालून, कलेक्टरसमोर उभे राहून ‘आमचे ऐका’ म्हणण्याची जी संधी इतर प्रकल्पांत मिळते, ती रेल्वेच्या मार्गात मिळत नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला. पण रेल्वेचा कायदा त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. 1 जानेवारी 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसन यांची कलमे रेल्वेलाही लागू झाली. परिणामांच्या अभ्यासाचे कलम लागू झाले नाही. पैसा किती द्यायचा हे नव्या कायद्याने ठरते. विचारायचे की नाही हा भाग बाहेर राहिला.

मग शेतकऱ्याला विचारतात कधी? रेल्वे कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती झाली. विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या मार्गासाठी 20-अ कलमाखाली राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेता येते. सक्षम प्राधिकारी म्हणजे नेमलेला अधिकारी हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतो आणि निर्णय देतो. हरकतीवरचा तो निर्णय अंतिम. पुढे मोबदला पटला नाही तर लवादाकडे जाता येते.

तीस दिवस! वखरणीच्या दिवसांत वर्तमानपत्र गावात येते ते पुडी बांधून. गट नंबरांची ती बारीक छपाई कोणी वाचत नाही. तलाठ्याकडून कळेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात. उरलेल्या दिवसांत वकील शोधायचा, सातबारा काढायचा, अर्ज लिहायचा. आणि लिहायचे काय? तोपर्यंत प्राथमिक सर्वेक्षण झालेले असते, अंतिम आखणीही झालेली असते. कोणत्या गटातून किती गुंठे जाणार तेही ठरलेले असते. कायदा विचारतो, पण पेरणी आटोपल्यावर विचारतो, की बियाणे कोणते घ्यायचे.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हरकतीचा हक्क फक्त सातबारावाल्याला आहे असे समजू नका. रेल्वे कायद्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ या शब्दांत कूळ येते, आणि त्या जमिनीवर ज्याचा वहिवाटीचा हक्क आहे तोही येतो. तुमचा एक गुंठाही जात नसेल, पण वावरात जायची तुमची हक्काची वाट त्या जमिनीतून असेल, तर तुम्ही परके नाही. फक्त ती वाट कुठेतरी लिहून ठेवलेली पाहिजे.

आम्हाला विचारले असते तर

साहेब म्हणतात, रेल्वेची आखणी हा इंजिनिअरचा विषय, त्यात शेतकऱ्याला काय कळते? आम्ही सांगतो काय कळते ते.

ब्रॉडगेज मार्गांवरची मानवरहित फाटके जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. चांगले झाले, अपघात थांबले. फाटकांच्या जागी पुष्कळ ठिकाणी रुळांखालून भुयारी मार्ग झाले. आमच्या गावाजवळ असा एक आहे. उन्हाळ्यात तो उत्तम रस्ता असतो. पावसाळ्यात त्यात कमरेएवढे पाणी भरते आणि रुळांच्या पलीकडची वावरे आठ-आठ दिवस तुटून पडतात. डवरणी थांबते, फवारणी थांबते. शाळेची पोरे रुळांवरून चढून जातात, म्हणजे ज्या अपघातासाठी फाटक बंद केले तोच अपघात पुन्हा घडायला मोकळा. त्या खोलगट जागेत पाणी कुठून येते, हे गावातल्या कोणत्याही गुराख्याने सांगितले असते. नाल्याचे पाणी किती वर चढते याची खूण आमच्या म्हाताऱ्यांना कडुनिंबाच्या खोडावर दाखवता येते. ती खूण इंजिनिअरच्या नकाशात नाही. त्याचा दोष नाही, त्याला कोणी दाखवली नाही. आणि त्याने विचारलीही नाही.

कापसाने भरलेला ट्रॅक्टर किती उंच होतो, कडब्याची बंडी किती रुंद होते, हे कोणाला माहीत? आपल्याला. भरावामुळे कोणत्या वावरात पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडेल आणि मोरी नेमकी कुठे पाहिजे, हे कोणाला माहीत? आपल्याला. पहिली गाडी किती वाजता सुटली तर भाजीवाली मंडईत वेळेवर पोचेल, तिची टोपली ठेवायला डबा असेल का, कॉलेजच्या पोरींना परतीची गाडी अंधाराआधी मिळेल का, स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता कोण करणार? उपनगरी गाडी चालते ती या गोष्टींवर. यातली एकही गोष्ट भूसंपादनाच्या नोटिशीत नसते.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही रेल्वेच्या विरुद्ध नाही. आम्हाला रेल्वे पाहिजे. शहरापर्यंत दीड तासात नेणारी स्वस्त गाडी आली, तर दूध जाईल, भाजी जाईल, दवाखान्यात वेळेवर पोचता येईल. पोराला शहरात खोली घेऊन राहण्याऐवजी घरून जाऊन शिकता येईल. कोरडवाहू शेतीला जोडधंद्याचा आधार मिळेल. म्हणूनच तर आम्ही म्हणतो, की गाडी चुकीच्या जागेवरून जायला नको. अडवणे सोपे असते, त्याला एक दिवसाचे आंदोलन पुरते. घडवण्यात भाग घ्यायचा तर वर्षभर घाम गाळावा लागतो.

काय करायचे

पहिले काम गावाचा नकाशा. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक गावाने आपली मोजणी आपण करायची. पांदण रस्ते, पायवाटा, नाले आणि त्यांच्या पुराची खूण, विहिरी, पाइपलाइन, गुरांच्या वाटा, मसणवटा, शाळेचा रस्ता. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्या आणि त्यावर हे सगळे चढवा. या कामात बाया पाहिजेतच. पाण्याची वाट आणि सरपणाची वाट पुरुषाला अर्धीच माहीत असते. सातबाऱ्यावर नाव नसलेले कूळ आणि बटाईवाला यांचीही यादी करा. मग ती यादी चावडीवर वाचा.

दुसरे काम, ग्रामसभेचा ठराव. मार्ग येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी ठराव करा. ‘रेल्वे हवी’ किंवा ‘रेल्वे नको’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या गटाजवळ मोरी, कोणत्या पांदणीला किती उंचीचा पूल, स्टेशन कुठे, हे आकड्यांनिशी लिहा. नकाशाची प्रत जोडा, कलेक्टर कचेरीत आणि रेल्वेच्या विभागीय कचेरीत द्या आणि पोच घ्या.

तिसरे काम, माहिती मागणे. 2005 चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. सर्वेक्षण कोणत्या टप्प्यावर आहे, किती पर्यायी आखण्या तपासल्या, आपल्या तालुक्यातून कोणती जाते, हे अर्ज करून विचारा.

चौथे काम, तालुक्याला एक वाचणारा. तीस दिवसांतला एकही दिवस फुकट जाऊ नये म्हणून प्रत्येक तालुक्यात एक शिकलेला तरुण नेमा. राजपत्र आणि जाहीर सूचना वाचणे हे त्याचे काम. गट नंबर दिसला की त्याच संध्याकाळी गावात निरोप.

पाचवे काम, खुर्ची मागणे. रेल्वेच्या प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते. तिच्यात प्रवासी संघांना आणि व्यापारी मंडळांना जागा असते, तशी शेतकी संस्थांनाही असते. समितीला अधिकार फक्त सल्ल्याचा, हे खरे. पण सल्लासुद्धा तिथे बसणाऱ्याचाच ऐकला जातो. शेतकऱ्याच्या जागेवर आजवर कोण बसले, कोणाच्या शिफारशीने बसले, याची चौकशी या बैठकीनंतर आम्ही करणार आहोत. पुढच्या नेमणुकीला आपले नाव गेले पाहिजे.

मायबहिणींनो आणि भावांनो, रुळांकाठच्या बायांजवळ जमिनीचा कागद नव्हता. एक वही होती आणि तिच्यात खरी नावे होती. त्या वहीच्या जोरावर त्या सरकारच्या टेबलाशी बसल्या. उरणच्या शेतकऱ्याजवळ जमीन होती, पण टेबलाशी त्याला जागा नव्हती. म्हणून त्याला गोळी झेलावी लागली आणि मग चाळीस वर्षे गाडीची वाट पाहावी लागली. आपल्याजवळ जमीन आहे. वही अजून नाही.

आज घरी जाताना प्रत्येक गावाने दोन नावे देऊन जावे, एक बाईचे आणि एक पुरुषाचे. मोजणी त्यांनी करायची. पुढची बैठक अक्षय्य तृतीयेनंतर होईल. त्या बैठकीला भाषण नाही. आम्ही तुमचे नकाशे पाहायला बसणार आहोत.